उत्तेजक द्रव्यांचे व्यसन आणि मनोविकृती

मेथॅम्फेटामाइन, कोकेन, मेफेड्रोन (मुंबईत ‘म्याव म्याव’) ही द्रव्ये मेंदूत डोपामाइनचा पूर आणतात. झोप उडते, भूक मरते, मग संशय शिरतो. शेजारी आपल्याबद्दलच कुजबुजताहेत, कातडीखाली किडे वळवळताहेत असे वाटून माणूस दंड ओरबाडून रक्तबंबाळ करतो. स्किझोफ्रेनियाशी गल्लत होते ती इथेच.

मानसोपचारतज्ज्ञ फिलिप कॉनेल यांनी १९५८ मध्ये लंडनमधून अशा ४२ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. नशा थांबल्यावर भास बहुधा ओसरतात. काहींचे मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतात.

चेन्नईत शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये व्यसनमुक्तीसाठी टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन उभारले. निमित्त घरचेच: दारूने गेलेला नवरा. उत्तेजकांपैकी मेथॅम्फेटामाइनच्या व्यसनावर मात्र हुकमी गोळी नाही. भासांवर औषधे चालतात. बाकी भिस्त समुपदेशनावर आणि घरच्यांवर.