होळकरांची दुसरी तिजोरी

होळकरांच्या इंदूर संस्थानाचा जुना नकाशा पाहिला की याला एक देश म्हणायचं कसं, असा प्रश्न पडतो. एक तुकडा नर्मदाकाठच्या निमाडात, एक माळव्याच्या पठारावर, एक वर चंबळेकडे रामपुरा-भानपुऱ्यात. आलमपूर तर पार बुंदेलखंडाच्या वेशीवर. ते होळकरांकडे राहिलं, कारण घराण्याचे संस्थापक मल्हारराव 1766 मध्ये तिथे वारले आणि त्यांची छत्री तिथे आहे. सगळं मिळून साडेनऊ हजार चौरस मैल, म्हणजे जवळपास आजच्या रवांडाएवढं, आणि 1931 च्या खानेसुमारीत माणसं तेरा लाखांवर. राजघराणं धनगर, दरबार मराठी, बाजार माळवी, डोंगरात भिल्ल.

एवढ्या विखुरलेल्या मुलखात एक गोष्ट मात्र पहिल्यापासून पक्की होती. सरकार एक, तिजोऱ्या दोन. एक दौलत, दुसरी खासगी.

खासगीचं मूळ 1734 मधलं. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे जहागीर लागली. महेश्वर, सांवेर, देपालपूर, हातोद आणि दक्षिणेतलं चांदवड त्यात होतं. वार्षिक उत्पन्न सुमारे तीन लाख. फौज, मोहिमा, पेशव्यांचा हिशेब हे सारं दौलतीतून भागवायचं. दौलत म्हणजे सरंजाम; तो चाकरीपोटी असे, चाकरी सरली की जाऊ शके. खासगी मात्र वंशपरंपरेची, आणि तिच्यावर हुकूम घरच्या बाईचा. मल्हारराव धोरणी होते, म्हणून ही सोय झाली असं मला वाटतं.

गौतमाबाई 1761 मध्ये गेल्या आणि खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. पुढे मल्हारराव, मग नातू मालेराव गेले, तेव्हा पेशव्यांचे काका राघोबादादा या खजिन्यावर डोळा ठेवून माळव्यात उतरले. अहिल्याबाईंनी त्यावर तुळशीपत्र ठेवून तो दानधर्माला वाहिल्याची कथा घरोघरी सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी खर्च दिसतोच. काशी विश्वेश्वराचं देऊळ 1780 चं. मणिकर्णिका, गया, सोमनाथ ही कामं निराळी. राज्य माळव्यात आणि घाट गंगेवर! मोहिमेवरचे सेनापती तुकोजी होळकर पैशासाठी मागणी करत आणि बाई हिशेब विचारत, हा खटका कागदोपत्री आहे.

1817 च्या डिसेंबरात महिदपूरला इंग्रजांकडून होळकरांचा पराभव झाला. मंदसौरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, दरबारात रेसिडेंट बसला, राजधानी इंदुरात आली. लढाया संपल्यावर दौलत पोसली माळव्याच्या काळ्या मातीने, म्हणजे अफूने. ती मुंबईमार्गे चीनला जाई आणि तिच्यावरचा इंग्रजांचा कर इंदुरातच वसूल होई. दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं. मांडलिकाने मालकाला उसने द्यावेत, हा प्रकार गमतीचाच. चीनचा व्यापार आटत गेला तशी गिरण्यांची धुराडी वाढली.

28 मे 1948 रोजी मध्य भारत हे नवं राज्य झालं आणि संस्थान संपलं. फौज गेली, तिजोरी गेली. खासगी मात्र करारात अडकून बसली. तिचं उत्पन्न मध्य भारत सरकारजमा करायचं आणि त्याच्या बदल्यात देवस्थानांसाठी सरकारने दर साल 2,91,952 रुपये कायमचे बाजूला काढायचे, असं कलम पडलं. दोनशे चौदा वर्षांनी आकडा पुन्हा तीन लाखांच्याच आसपास, फक्त रुपया तो राहिला नव्हता.

1962 मध्ये या देवस्थानांसाठी ट्रस्ट झाला. पुढे देवळं, धर्मशाळा, घाट यांच्या विक्रीवरून बोभाटा झाला, त्यात हरिद्वारचा कुशावर्त घाटही आला. 2020 मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने मालमत्ता राज्य सरकारची ठरवली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा ट्रस्ट सार्वजनिक न्यास आहे म्हणून त्याची नोंदणी करायला लावली, आणि झालेले व्यवहार तपासण्याचं काम निबंधकाकडे सोपवलं.