अंतराळवीरांचे भूवैज्ञानिक प्रशिक्षण

चंद्रावर किंवा ग्रहांवर उतरणाऱ्या अंतराळवीरांना भूरूपे वाचणे, खडकांचे अचूक वर्णन करणे आणि योग्य नमुने निवडणे यांसाठी दिले जाणारे शिक्षण. त्याची पद्धत अमेरिकेच्या अपोलो मोहिमांच्या तयारीत विकसित झाली.

इतिहास : युजीन शूमेकर यांनी अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत उभारलेली खगोलभूविज्ञान शाखा १९६३ मध्ये ॲरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफ येथे आली. जवळच्या ग्रँड कॅन्यनमध्ये अंतराळवीर खडकांच्या थरांचा क्रम शिकले, तर मीटिअर क्रेटर येथे उल्काघाताच्या खुणा. ज्वालामुखी खडकांसाठी त्यांना १९६५ व १९६७ मध्ये आइसलँडला नेण्यात आले. १९६७ मध्ये फ्लॅगस्टाफजवळच्या सिंडर लेक येथील ज्वालामुखी राखेच्या मैदानात सुरुंग लावून चंद्रावरच्यासारखी विवरे तयार करण्यात आली.

पद्धती : बहुतेक अंतराळवीर मूळचे वैमानिक. वर्गातील खनिजविज्ञानाच्या व्याख्यानांत त्यांचे मन रमेना. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे ली सिल्व्हर यांनी १९६९ मध्ये अपोलो १३ च्या अंतराळवीरांना ओरोकोपिया डोंगरात नेले आणि प्रत्यक्ष खडकांपुढे उभे करून शिकवले. पुढील सरावांत दोघे अंतराळवीर परिसर पाहून रेडिओवरून वर्णन करत. दृष्टीआड बसलेले भूवैज्ञानिक केवळ त्या शब्दांवरून अनुमान काढत. वर्णनातील उणीव त्यामुळे तत्काळ लक्षात येई.

फलित : अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट व जेम्स अर्विन यांनी १९७१ मध्ये टिपलेला ॲनॉर्थोसाइटचा तुकडा ४०० कोटी वर्षांहून जुना ठरला. अपोलो १६ च्या देकार्त प्रदेशात ज्वालामुखी खडक मिळतील, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. जॉन यंग व चार्ल्स ड्यूक यांना तेथे प्रामुख्याने आघाताने फुटून पुन्हा सांधलेले खडक दिसले आणि त्यांनी ते जागेवरच ओळखले. अपेक्षेला न जुळणारे सत्य ओळखता येणे, हे या शिक्षणाचे सर्वांत मोठे यश होय. अपोलो १७ मधून (१९७२) हॅरिसन श्मिट हे व्यावसायिक भूवैज्ञानिकच चंद्रावर उतरले.

सद्यःस्थिती : युरोपीय अंतराळ संस्थेचा ‘पँजिया’ अभ्यासक्रम २०१६ पासून चालतो, त्यातील क्षेत्रकार्य इटलीतील डोलोमाइट पर्वत, जर्मनीतील रीस विवर व लांझारोटे बेट येथे होते. आर्टेमिस २ च्या अंतराळवीरांनीही २०२४ मध्ये आइसलँडमध्ये सराव केला. अपोलो मोहिमांनी आणलेल्या सुमारे ३८२ किग्रॅ. नमुन्यांवर आजही संशोधन चालू आहे.