शहागडच्या पट्ट्यातील मणक्याचे दुखणे आणि त्यावरचे उपचार

मणक्यांमधल्या गादीची झीज ऐन तारुण्यातच सुरू होऊ शकते. गादीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसल्याने ती नीट भरून निघत नाही. पाणी कमी होऊन गादी चपटी होते आणि कड फाटली तर आतला गर बाहेर येऊन नस दाबतो. मग कंबरेतून पायापर्यंत कळ जाते.

शहागड हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले, धुळे-सोलापूर महामार्गावरचे गोदाकाठचे गाव. 1976मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि कालव्याच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस वाढला. दिवसभर वाकून कोयता चालवायचा, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, हे ऊसतोडीचे काम कंबरेची परीक्षाच पाहते. मात्र झिजेचा सगळा दोष कष्टाला देता येत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा ओझ्यापेक्षा मोठा आढळला आहे.

दवाखाने नव्हते तेव्हा मराठी मुलखात सर्वत्र उपाय घरचेच होते. निर्गुडीच्या पाल्याचा किंवा तापवलेल्या विटेचा शेक, तिळाच्या तेलाचे मर्दन, बिब्ब्याचा चटका, लोखंडाचा डाग. उसण भरली की पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या माणसाला बोलावून त्याचा पाय कंबरेला लावून घेत. यातल्या डागण्याला शास्त्राचाही आधार होता : चरकसंहितेत गृध्रसीसाठी, म्हणजे सायटिकासाठी, बस्ती, सिरावेध (शीर वेधून रक्त काढणे) आणि अग्निकर्म सांगितले आहे, तर सुश्रुताने सिरावेधाची जागा गुडघ्याच्या सांध्यापासून चार अंगुळे वर किंवा खाली, इतकी नेमकी दिली आहे. शेकाने स्नायू सैल होतात, हे खरे. पायाळूच्या लाथेचे श्रेय मात्र बहुधा निसर्गाचे, कारण कंबरेची अचानक उठलेली कळ बरेचदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते.

निसटलेली गादी नस दाबते आणि ती काढता येते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी 1934मध्ये मांडले, तेव्हा शहागड निजामाच्या राज्यात होते. भारतात मेंदू व मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग जेकब चांडी यांनी 1949मध्ये वेल्लोरला उभारला. तेव्हाच्या औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956चे. त्याचे रुग्णालय, म्हणजे ‘घाटी’, हा पुढे मराठवाड्यातल्या गरिबांचा मोठा आधार झाला. जालन्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला 2024 उजाडले.

एक्स-रेमध्ये गादी दिसत नाही. ती उघड केली एमआरआयने. त्यातून नवा घोळही झाला. 1994च्या एका अमेरिकी अभ्यासात पाठ न दुखणाऱ्या 98 जणांपैकी 52 टक्क्यांची किमान एक गादी फुगलेली निघाली. म्हणजे ‘गॅप पडलाय’ असा अहवाल आला की ऑपरेशन, हा हिशेब चुकीचा. सक्तीची विश्रांतीही मागे पडली : 1986मध्ये दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांइतकीच उपयोगी ठरली. सायटिकात लवकर शस्त्रक्रिया केल्यास आराम लवकर मिळतो, पण वर्षाअखेर फरक उरत नाही, असे 2007च्या नेदरलँड्समधील चाचणीत दिसले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी तर मूळ दोष गादीत नसून सांध्यांच्या अस्थिरतेत आहे, असे मांडले. त्यावर वाद आहे.

झिजलेली गादी पूर्ववत करणारे औषध अजून नाही. चालणे, व्यायाम आणि वेदनाशामके यांवर बहुतेकांचे भागते. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरता आली किंवा पायातली ताकद गेली, तर शेकत न बसता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.