लाँगयिअरबायेन

लाँगयिअरबायेन : नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहाचे प्रशासकीय केंद्र. 78° 13′ उ. अक्षांशावरील हे गाव स्पिट्सबर्गन बेटावर, अ‍ॅडव्हेंट फ्योर्डच्या काठी वसले आहे. लोकसंख्या सुमारे 2,400. अमेरिकन उद्योजक जॉन मन्रो लाँगयिअर याच्या कंपनीने 1906 मध्ये येथे कोळशाच्या खाणीसाठी वसाहत उभारली. त्यावरूनच गावाचे नाव पडले.

20 एप्रिलच्या सुमारास येथे उगवलेला सूर्य 22 ऑगस्टच्या आसपास प्रथम मावळतो. 26 ऑक्टोबरच्या सुमारास तो क्षितिजाखाली गेला की फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ध्रुवीय रात्र असते. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत दिवस शून्यापासून चोवीस तासांपर्यंत वाढतो. म्हणजे रोज सरासरी 20 मिनिटांहून अधिक भर पडते.

पृथ्वीचा अक्ष सुमारे 23.4° कललेला असल्याने सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) वर्षभरात तेवढीच उत्तरेकडे व दक्षिणेकडे बदलते. उत्तर क्रांती एखाद्या स्थळाच्या ध्रुवापासूनच्या कोनीय अंतरापेक्षा जास्त झाली की तेथे सूर्य मावळत नाही. लाँगयिअरबायेनसाठी हे अंतर 11.8° आहे. त्यामुळे 21 जूनच्या सुमारास सूर्य माध्यान्ही 35° उंचीवर असतो आणि मध्यरात्रीही साडेअकरा अंशांखाली उतरत नाही. डिसेंबरमध्ये माध्यान्हीसुद्धा तो क्षितिजाखाली तेवढाच असतो; दक्षिणेकडे फिकट निळसर उजेड दिसतो, इतकेच. याउलट हिवाळ्यातील पौर्णिमेच्या आसपास चंद्र काही दिवस मावळतच नाही.

अक्षांश वाढेल तसा अखंड दिवसाचा व ध्रुवीय रात्रीचा काळ लांबतो. ट्रॉम्सो (69° 39′ उ.) येथे मध्यरात्रीचा सूर्य सुमारे दोन महिने दिसतो, तर उत्तर ध्रुवावर सुमारे सहा महिने. लाँगयिअरबायेनला अखंड दिवसाचे सुमारे 125 दिवस आणि ध्रुवीय रात्रीचे सुमारे 112 दिवस मिळतात. वातावरणातील वक्रीभवनामुळे व सूर्यबिंबाच्या आकारामुळे बिंबाची वरची कड आधी दिसते. शिवाय जुलैच्या सुमारास पृथ्वी सूर्यापासून दूर व मंदगतीने फिरत असते. या कारणांनी उन्हाळ्याचे पारडे जड होते.

डोंगरांमुळे गावात प्रत्यक्ष ऊन आणखी उशिरा पोहोचते. 8 मार्चच्या सुमारास लोक जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांपाशी जमून त्याचे स्वागत करतात. वायव्येस सुमारे 110 किमी.वरील न्यू-ऑलेसुंड येथे भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र 2008 पासून आहे. ध्रुवीय रात्रीतील निरीक्षणांसाठी भारताने डिसेंबर 2023 मध्ये तेथे पहिली हिवाळी मोहीम पाठवली.