पांगाऱ्यावर चढलेली द्राक्षवेल

परभणीच्या काळ्या रानात कापूस येतो, ज्वारी येते, तूर, हळद, सोयाबीन सगळं येतं. द्राक्षवेल मात्र तिथे सुखाने नांदत नाही. पावसाळ्यात ही माती फुगते, पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात तिला मोठमोठ्या भेगा पडतात. जिथे चुनखडी जास्त, तिथे जमिनीत लोह असूनही वेलीला ते उचलता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. वेलीला हवी असते उताराची, मुरमाड, पाणी निचरून जाणारी जमीन.

म्हणून द्राक्षाचा इतिहास शोधायचा तर परभणीच्या स्टेशनावरून मनमाडकडे जाणारी गाडी धरावी लागते. निजामाच्या राज्यात, विसावं शतक उजाडताना सुरू झालेली ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सेलू, जालना, औरंगाबाद म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर आणि दौलताबाद अशी स्टेशनं घेत मनमाडला पोचते, पुढे नाशिक. दख्खनच्या द्राक्षाच्या कहाणीतली कितीतरी पानं या एका रुळाच्या आसपास लिहिली गेली आहेत.

मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. माणसांबरोबर त्यांच्या खाण्यापिण्याच्या आवडीही दक्षिणेत आल्या. त्यानंतर काही वर्षांनी मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादला पोचला. इथे द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा पिकतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. परदेशी पाहुण्याला नवल वाटलं ते या दोनदा पिकण्याचं, आणि द्राक्षशेतीचं दख्खनी वैशिष्ट्य नेमकं त्यातच आहे.

युरोपात कडक थंडी वेलीला झोपवते. पानं गळतात, वेल विसावते, वसंतात पुन्हा फुटते आणि वर्षाला एकदाच फळते. दख्खनमध्ये थंडीला तेवढा जोर नाही, त्यामुळे वेल बारमाही हिरवी राहते. तिला वळण लावायचं काम बागाईतदाराच्या कात्रीला करावं लागतं. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, या दोन कामांवर इथल्या बागेचं सगळं वर्ष उभं आहे. पूर्वी दोन्ही बहार धरत. पावसाळ्यातला आंबट निघे, उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा गोड. आता खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि गोडी छाटणी फळासाठी अशी वाटणी झाली आहे. फ्रान्समधल्या वेली उघड्या-बोडक्या उभ्या असतात त्या जानेवारी ते मार्चच्या दिवसांत नाशिकच्या वायनरीत द्राक्षं चिरडली जातात, ती याच छाटणीमुळे.

नाशिकच्या जुन्या बागांत भोकरी, फकडी, हबशी, साहेबी या जाती होत्या. आजच्या पिढीतल्या फार थोड्या बागाईतदारांनी या वेली डोळ्यांनी पाहिल्या असतील. त्याहून कमी लोकांना ठाऊक असेल की त्या वेली तारेवर चढवलेल्या नव्हत्या, त्या जिवंत पांगाऱ्यावर चढवलेल्या होत्या. पांगाऱ्याची फांदी तोडून रोवली की रुजते. ती वाढली की छाटून माणसाच्या उंचीच्या आसपास ठेवायची आणि तिच्या आधाराने वेल वर न्यायची. एका पांगाऱ्याला एक वेल.

या झाडाची निवड किती शहाणपणाची होती, हे आज जास्त कळतं. पांगारा शेंगवर्गीय आहे. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. त्याची छाटलेली पानं शेळ्यांना चारा होतात, उरलेली वेलीच्या बुंध्याशी कुजतात. जानेवारी-फेब्रुवारीत वेलीवर घड पिकायला लागले की पांगारा पानं झाडून टाकतो आणि घडांवर ऊन पडतं. मग त्याला लालभडक फुलं येतात आणि बाग पाखरांनी भरून जाते. आधार, खत, चारा आणि सावलीचा हिशोब एकाच झाडात बसवणारी ही रचना कुठल्या प्रयोगशाळेतून आलेली नव्हती. इटलीत नेपल्सजवळच्या अव्हेर्सा भागात आजही वेली उंच पॉप्लरच्या झाडांवर चढवलेल्या दिसतात. ही पद्धत फार जुनी आणि तिथले लोक तिचं अभिमानाने जतन करतात. नाशिकचा पांगारा मात्र गेला, आणि त्याचं दुःख कुणी फारसं केलं नाही.

तो का गेला, हेही समजून घ्यायला हवं. पांगारा पाण्यासाठी वेलीशी स्पर्धा करतो, आणि एका खांबावरच्या वेलीचा पसारा मर्यादित राहतो. हैदराबादकडच्या बागाईतदारांनी अनाबेशाही जातीचे मांडव करून दाखवल्यावर उत्पन्नाचा आकडाच बदलला. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी साहेबीच्या रोपांतून ‘चीमा साहेबी’ निवडली होती. पुढे बिनबियांची थॉमसन सीडलेस आली आणि तिने जुन्या जातींना बाजारातून बाहेर काढलं. तिच्यातून महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या नजरेने नव्या जाती वेचल्या. तासगावजवळच्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांची तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांची सोनाका. शेतकऱ्याच्या डोळ्याला शास्त्रज्ञाच्या डोळ्याइतकाच मान द्यावा असं हे काम आहे.

पण या नव्या बागेला औषधंही तेवढीच लागू लागली. केवडा आणि भुरी हे रोग द्राक्षाचे जुने वैरी. १८८५ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो भागात मिलार्देने मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण प्रसिद्ध केलं. ते बोर्डो मिश्रण आपल्या बागाईतदाराच्या रोजच्या बोलण्यात आहे. त्यावर पुढे संजीवकं, आंतरप्रवाही बुरशीनाशकं यांची भर पडत गेली. २०१० साली वाढ रोखण्यासाठी फवारलेल्या क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपने भारतीय द्राक्षं नाकारली आणि शेकडो घरांचे हिशोब कोलमडले. तो फटका बसल्यावर रासायनिक अंशांचा विषय गावच्या पारावर आला.

याच्या बरोबर उलट विचार करणाऱ्या दोन माणसांनी एकाच वर्षी, एकमेकांपासून हजारो मैलांवर, कामाला हात घातला होता. १९२४ साली आल्बर्ट हॉवर्ड होळकरांच्या इंदूरमध्ये वनस्पती उद्योग संस्था उभारत होते. शेतातला काडीकचरा, शेण, मूत्रमाती आणि राख यांचे थर लावून केलेलं ‘इंदूर पद्धती’चं कंपोस्ट तिथूनच जगभर गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये आजच्या पोलंडमधल्या कोबेरविट्झ इथे रुडॉल्फ श्टायनर यांनी शेतकऱ्यांपुढे व्याख्यानं दिली. बायोडायनॅमिक शेतीचा आरंभ तो. शेत हा एक जिवंत देह आहे, त्याचं खत त्याच्याच गोठ्यातून यावं, ही त्यातली मुख्य भूमिका. तिच्यासोबत काही खास कृती आल्या. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचं, मग चिमूटभर खत पाण्यात तासभर ढवळून रानावर शिंपडायचं. चंद्राच्या स्थितीप्रमाणे पेरणी-छाटणीची पंचांगं नंतर आली.

वाइनच्या जगात या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली ती गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात निकोला जोली यांनी १९८० च्या दशकात आपली उताराची बाग तिच्यावर आणली आणि बर्गंडीतल्या नामांकित बागाही मागोमाग आल्या. भारतात ती रुजवण्याचं श्रेय न्यूझीलंडच्या पीटर प्रॉक्टर यांना जातं. टी. जी. के. मेनन यांच्या बोलावण्यावरून ते १९९३ मध्ये इंदूरच्या कस्तुरबाग्रामात आले. म्हणजे हॉवर्डच्याच गावात.

या बायोडायनॅमिक पद्धतीतलं खरं किती? स्वित्झर्लंडमध्ये थेरविल इथे १९७८ पासून रासायनिक, सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक शेती शेजारी शेजारी करून पाहिली जात आहे. २००२ साली त्या प्रयोगाच्या २१ वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेंद्रिय पद्धतींत उत्पन्न सुमारे २० टक्क्यांनी घटलं, पण खतं आणि ऊर्जा बरीच कमी लागली, कीटकनाशकं जवळजवळ शून्यावर आली आणि मातीतलं जीवन वाढलं. कॅलिफोर्नियातल्या एका मर्लो बागेत मात्र सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक तुकड्यांची तुलना झाली, तेव्हा मातीत फारसा फरक आढळला नाही. शेणखत, कंपोस्ट, आच्छादन, जनावरं आणि पिकांची विविधता यांचं काम सिद्ध आहे. शिंगाचं आणि चंद्राचं काम अजून सिद्ध व्हायचं आहे. मराठी शेतकऱ्याने पहिला भाग मनापासून घ्यावा आणि दुसऱ्याला पुरावा मागावा.

पहिला भाग तर त्याच्या घरातलाच आहे. तासगावच्या द्राक्ष बागाईतदारांना एकत्र बसवून पानं, मुळं, ऊन यांचा अभ्यास करायला लावणारे श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’त शेतकरी एकमेकांच्या बागेत जाऊन निरीक्षणं मांडत. सूर्यप्रकाश किती पानांवर पडतो आणि माती किती काडीकचरा पचवते, यावर त्यांचा सारा भर होता. १९८५ साली त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या सच्छिद्र टाक्यात थोड्या शेणावर पुष्कळ खत करण्याची रीत बसवली. त्यांच्याच नावाच्या अक्षरांवरून तिला ‘नाडेप’ म्हणतात. मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या या पुसद तालुक्यातलेच वसंतराव नाईक. परभणीचं कृषी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. १९५६ च्या कृषी महाविद्यालयानंतर १८ मे १९७२ रोजी उभं राहिलेलं हे विद्यापीठ. त्याच्या वर्धापनदिनी खरिपाच्या मेळाव्याला शेतकरी बियाण्यांबरोबर उपयुक्त बुरशी-जिवाणूंचं ‘बायोमिक्स’ घेऊन जातात. मातीतल्या जिवांवर भरवसा ठेवणारी शेती परभणीला परकी नाही.

महाराष्ट्रातल्या वाइनचा धंदा मात्र दुसऱ्या वाटेने वाढला. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाइन काढली. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ वेली लावल्या आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. २००१ च्या राज्य धोरणाने विंचूर आणि पलूसला वाइन पार्क दिले. वाइनच्या द्राक्षाला मोठा, भरघोस घड नको असतो. मर्यादित उत्पन्न, लहान मणी आणि हलकी जमीन हीच त्याची गरज असते. म्हणजे कमी खाऊन चांगलं देणारी ही वेल निसर्गाला धरून केलेल्या शेतीला खाण्याच्या द्राक्षापेक्षा अधिक अनुकूल आहे. ही संधी महाराष्ट्राने अजून पुरती ओळखलेली नाही, आणि याची चुटपुट लागते.

परभणीला सगळ्यांत जवळचा धडा शेजारच्या जालना जिल्ह्यात, कडवंचीत आहे. हे गाव हलक्या, उताराच्या जमिनीचं. १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात जालन्याच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि विजयअण्णा बोराडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावाला बरोबर घेऊन माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली. माती थांबली, पाणी मुरलं, मग शेततळी आली आणि त्या पाण्यावर द्राक्षबागा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळत असताना कडवंचीच्या बागा तगल्या. या बागा खाण्याच्या द्राक्षाच्या आहेत आणि फवारे तिथेही चालतात. पण क्रम पाहण्यासारखा आहे. आधी जमीन सावरली, वेल नंतर आली.

परभणी जिल्ह्यातही सगळी जमीन काळी नाही. जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरतात, गंगाखेडकडे बालाघाटाच्या टेकड्या आहेत, आणि तिथला माळ उथळ, मुरमाड आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट झाली तर घड मातीत जातात, हा धोका खराच. म्हणून मोठ्या भांडवलाचा जुगार इथे कुणी करू नये. पण जिंतूरच्या एखाद्या उतारावर विद्यापीठाने एकरभर रान घ्यावं, आधी दोन-तीन पावसाळे बांध आणि ताग-धैंच्यासारखी हिरवळीची खतं यांवर खर्च करावेत, मग पांगारे रोवून त्यांवर आघारकर संस्थेच्या एआरआय-५१६ सारखी रसाला आणि वाइनला चालणारी जात चढवावी. शेजारी तारेवरची बाग ठेवावी, दोन्हींची माती दरवर्षी तपासावी आणि आकडे १८ मेच्या मेळाव्यात शेतकऱ्यांपुढे ठेवावेत.