कारवारचे पतंग

भाद्रपद सरत आला की मला कारवार आठवतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातल्या या बंदरगावात तीन सरकारी अधिकारी एकत्र आले: कलेक्टर डेव्हिडसन, मीठ-जकात खात्याचे एटकन, जंगलखात्याचे बेल. डेव्हिडसन पक्ष्यांच्या नोंदी ठेवत. फुलपाखरांवर तिघांनी मिळून लिहिलं. बेल निवृत्तीनंतरही कारवारातच राहिले. पतंग टाचणीला लावून त्यांचं भागत नसे. सुरवंट आणायचा, त्याचं खाद्यझाड ओळखायचं, त्यावर तो वाढवायचा. स्कॉट यांच्यासह लिहिलेला त्यांचा हॉकमॉथवरचा ग्रंथ १९३७ साली निघाला. पतंगाच्या नावापेक्षा झाडाची नोंद मला मोलाची वाटते. दिव्यावर आलेल्या हिरव्या हॉकमॉथचा फोटो काढून मी आता थांबत नाही. सकाळी कण्हेर आणि तगरीची पानं उलटून पाहतो.