सोल्डरिंग न करता सर्किट पक्कं कसं जोडतात? जाणून घ्या 'वायर रॅपिंग'

रात्री चाललेलं सर्किट सकाळी परीक्षकांसमोर बंद पडतं, हा अनुभव इंजिनिअरिंगच्या मुलांना नवा नाही. बऱ्याचदा दोष ब्रेडबोर्डचा असतो. त्याच्या छिद्रांमधल्या क्लिपा तार नुसती चिमटीत धरतात; त्या सैल झाल्या की संपर्क तुटतो. डिझाइन तपासायला ब्रेडबोर्ड उत्तम, पण प्रोजेक्ट बसमधून न्यायचा असेल तर त्याच्यावर भिस्त नको.

मग अनेक जण 'झिरो पीसीबी' घेतात, म्हणजे २.५४ मिलिमीटर अंतरावर छिद्रं असलेला बोर्ड. सुटे भाग बसवून मागून तारा सोल्डर करायच्या. जोड पक्का होतो, पण चूक सुधारताना छिद्राभोवतीची तांब्याची चकती उखडली तर आणखी ताप.

यावर जुना उपाय म्हणजे वायर रॅपिंग. सॉकेटच्या लांब, चौकोनी पिनेवर बारीक तारेचे सहा-सात वेढे छोट्या हत्याराने घट्ट गुंडाळतात. खरी गंमत पिनेच्या धारदार कडांची आहे. ताणलेली तार प्रत्येक कडेवर रुतते आणि त्या जागी हवाही शिरत नाही. त्यामुळे जोड गंजत नाही. चुकलं तर वेढे उलटे सोडवायचे आणि नवी तार लावायची.

अपोलो यानांच्या संगणकातही मॉड्यूल याच पद्धतीने जोडलेले होते. तिथे मात्र तार गुंडाळायचं काम यंत्राने झालं होतं. आजच्या चपट्या सरफेस-माउंट चिप्सना लांब पिनाच नसतात, त्यामुळे वायर रॅपिंग आता क्वचितच दिसतं.